शेतातील पुराणवस्तू आणि मातीची साक्ष



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. मी आयुष्यभर मराठीचे अध्यापन केले. जुन्या पोथ्या चाळल्या, पाठभेद जुळवले. पुरातत्त्व हा माझा विषय नव्हे. तरीही आज मी शेतात सापडणाऱ्या पुराणवस्तूंविषयी आणि त्या शोधणाऱ्या धातुशोधक यंत्राविषयी, म्हणजे ‘मेटल डिटेक्टर’विषयी बोलणार आहे. त्याचे कारण गुरुजींनी मला विचारलेल्या एका प्रश्नात आहे.

मी सातवीत होतो. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शेतात मला तांब्याचे एक जुने नाणे सापडले. चिंच आणि राख लावून मी ते लखलखीत केले आणि शाळा उघडताच मोठ्या ऐटीत गुरुजींच्या हाती दिले. नाणे केवढ्याचे, कोणत्या राजाचे, हे ते सांगतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी विचारले, “कुठे सापडले?” मी म्हणालो, “शेतात.” “शेतात कुठे? विहिरीपाशी की बांधापाशी? वरच होते की खोल? शेजारी खापर, कोळसा, वीट असे काही होते का?” मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. नाणे परत करीत ते म्हणाले, “नाणे घेऊन आलास, पण त्याची गोष्ट तिथेच टाकून आलास.” त्यावेळी मला वाटले, गुरुजींना नाणे आवडले नाही.

या वाक्याचा अर्थ उमगायला मला पन्नास वर्षे लागली. २०१३ सालच्या हिवाळ्यात माझ्या पुतण्याने धातुशोधक यंत्र विकत घेतले. “काका, आपल्या शेतात फिरवून बघू का?” असे त्याने दूरध्वनीवर विचारले. आमचे शेत वडोदऱ्यापासून काही कोसांवर आहे. पणजोबांपासून ते घराण्यात आहे आणि त्याच्या उत्तरेच्या बांधाला लागून एक जुना टिंबा, म्हणजे आपल्याकडे ज्याला पांढरीचे टेकाड म्हणतात ते, आहे. जमीन आमची, मुलगा घरचा. मी आनंदाने होकार दिला. दोन दिवस त्याला खिळे, बैलांची घुंगरे, विळ्याचे पाते असेच काही मिळत राहिले. तिसऱ्या दिवशी सतरा तांब्याची नाणी एका फुटक्या मडक्याच्या गळ्यासकट निघाली. त्याने कुदळीने खड्डा रुंद केला, नाणी विहिरीवर धुतली, ताटात मांडून त्यांचे छायाचित्र मला पाठवले. मीही कौतुकाने ते चार जणांना दाखवले. त्यांपैकी एक गृहस्थ पुरातत्त्वाचे निवृत्त अध्यापक होते. छायाचित्र पाहून त्यांनी विचारले, “कुठे सापडली? किती खोल? मडक्याच्या आत होती की बाहेर?” गुरुजींचाच प्रश्न, आणि माझ्यापाशी पुन्हा उत्तर नव्हते!

प्रथम हे यंत्र काय करते ते समजून घेऊ. दांड्याच्या टोकाशी तारेचे एक वेटोळे असते. त्यातून सतत बदलणारा विद्युत्प्रवाह खेळवला की खालच्या जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे लहान प्रवाह उत्पन्न होतात, आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र यंत्राला जाणवते. मग यंत्र आवाज देते. लोखंड, तांबे, चांदी यांचा प्रतिसाद निरनिराळा असल्यामुळे सरावलेल्या कानाला त्या आवाजावरून धातूचा अंदाज येतो. नाण्याएवढी वस्तू साधारणतः वीतभर खोलीपर्यंत कळते; मोठे भांडे किंवा नाण्यांचा साठा त्याहून खाली असला तरी कळू शकतो. पण यंत्राला कळतो तो केवळ धातू. खापर, हाड, कोळसा, कुजलेल्या लाकडाची काळसर रेघ, मातीच्या थरांचा बदलता रंग यांतले काहीच त्याला कळत नाही. आणि गोष्ट सांगणारी बहुतेक साक्ष या मुक्या वस्तूंमध्येच असते.

माझ्या विषयातले उदाहरण देतो. हस्तलिखित पोथीच्या शेवटी पुष्पिका असते. कोणी लिहिले, कुठे, कोणत्या शकात, कोणासाठी, हे लेखक तिथे नोंदवतो. पुष्पिकेचे पान हरवले की पोथी उरते, ओव्या उरतात. परंतु त्यांना काळात आणि देशात बसवणे फार कठीण होते. जमिनीत पुरलेल्या वस्तूची पुष्पिका तिच्या भोवतालच्या मातीत लिहिलेली असते. ती एकदाच वाचता येते, कारण ती वाचण्यासाठी उकरावी लागते आणि उकरली की ती पुसली जाते. पोथीची नक्कल करता येते. खड्ड्याची नक्कल करता येत नाही.

जमीनमालकाच्या परवानगीने शेतात यंत्र फिरवण्याचा छंद इंग्लंडमध्ये फार रुजला आहे. म्हणून या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तिथेच स्वच्छ दिसतात. सफोक परगण्यात हॉक्स्न नावाचे खेडे आहे. १९९२ सालच्या नोव्हेंबरात तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने आपल्या मित्राला, एका निवृत्त माळ्याला, यंत्र घेऊन बोलावले. हातोडा शोधताना यंत्राने जोराचा आवाज दिला आणि मातीतून चांदीचे चमचे, सोन्याची साखळी आणि ओंजळभर नाणी वर आली. यापुढे त्या दोघांनी जे केले ते मला सापडलेल्या सोन्याहून मोलाचे वाटते. त्यांनी खणणे थांबवले आणि लगेच अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी येऊन ती जागा शास्त्रशुद्ध रीतीने उकरली.

तिथे सोन्याचांदीची व कांशाची मिळून सुमारे १५,००० रोमन नाणी आणि जवळजवळ २०० दागिने व भांडी निघाली. त्यांतली सर्वांत अलीकडची नाणी इ. स. ४०७-४०८ ची आहेत. म्हणजे ब्रिटनमधली रोमन सत्ता ढासळत असतानाच्या काळात कोणा सधन कुटुंबाने हे धन पुरले. ते एका लाकडी पेटीत होते. पेटीचे लाकूड जवळजवळ नाहीसे झाले होते, पण बिजागऱ्या, कुलपे आणि वस्तूंची जागा यांवरून पेटीचा आकार आणि आतली मांडणी उलगडली. वाट्यांच्या मध्ये गवताच्या काड्या भरल्या होत्या, हेही कळले. पेटी घाईने फेकलेली नव्हती. कोणीतरी परत येण्याच्या आशेने ती नीट भरली होती. हा निष्कर्ष नाण्यांनी नव्हे, मातीने सांगितला. १९९३ साली या ठेव्याचे मूल्य १७.५ लाख पौंड ठरले. बक्षीस शोधणाऱ्याला मिळाले आणि त्याने ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. आज तो ठेवा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि तो हातोडाही!

या ठेव्याशी आपल्या भूमीचेही नाते आहे. त्यात मिरपूड शिंपडण्याची चांदीची चार पात्रे होती. एक पात्र संभ्रांत स्त्रीच्या आकृतीचे असून त्याच्या तळाशी फिरती चकती आहे. एका स्थितीत ते बंद होते, दुसरीत भरता येते, तिसरीत पूड शिंपडता येते. काळी मिरी रोमन जगात जात असे ती आपल्या मलबार किनाऱ्यावरून. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आपल्या शेजारच्या भरुच बंदरातून पिंपळी निर्यात होत असल्याची नोंद आहे. इंग्लंडच्या एका नांगरटीखाली आपल्या किनाऱ्याचा व्यापार असा निजलेला होता.

ठिकाणाची नोंद काय करू शकते याचे दुसरे उदाहरण बॉसवर्थचे आहे. १४८५ साली तिथल्या लढाईत इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड मारला गेला. रणभूमी म्हणून एक टेकडी पिढ्यान्‌पिढ्या दाखवली जाई. २००५ ते २०१० या काळात अभ्यासकांनी शेतकऱ्यांच्या संमतीने आसपासची शेते यंत्राने ओळीओळीने तपासली आणि प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर टिपली. तोफांचे तीसहून अधिक शिशाचे गोळे मिळाले. रिचर्डचे चिन्ह असलेला रानडुकराच्या आकाराचा, सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा छोटा बिल्लाही मिळाला. रणभूमी प्रसिद्ध टेकडीपासून सुमारे तीन किलोमीटर दूर होती. बाजारात शिशाच्या एका गोळ्याला काय किंमत येणार? पण नकाशावरच्या तीस बिंदूंनी इतिहासाचे पान बदलले. नांगराने वरचा थर उलटापालटा केलेला असला तरी वस्तू शेताच्या कोणत्या भागात होती ही माहिती बऱ्याच अंशी टिकते. म्हणून ‘वरच सापडले, त्यात काय नोंदवायचे’ हे म्हणणे बरोबर नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सरे परगण्यातील वॉनबरो येथे १९८० च्या दशकात एका रोमन मंदिराची जागा उघडकीला आली. बातमी फुटताच रात्री यंत्रे घेऊन लोक तिथे उतरले आणि हजारो नाणी पळवली गेली. हेरफर्डशायरमध्ये २०१५ साली दोघांना नवव्या शतकातील नाण्यांचा ठेवा मिळाला. त्यांनी तो न कळवता विकायला सुरुवात केली. नाणी सुमारे ३०० असावीत असा अंदाज होता. हाती आली ती थोडी. त्यांतल्या काहींवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ हे दोन राजे शेजारी शेजारी बसलेले आहेत. पुढच्या बखरकारांनी ज्या केओलवुल्फला दुबळा म्हणून हिणवले, तो आल्फ्रेडचा बरोबरीचा सहकारी होता असे ही नाणी सुचवतात. उरलेली नाणी काय सांगणार होती, कोण जाणे! २०१९ साली त्या दोघांना दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. पण शिक्षेने हरवलेली गोष्ट परत येत नाही.

अशा अनुभवांतून इंग्लंडने १९९६ साली ठेव्यांविषयी नवा कायदा केला. कायद्याच्या व्याख्येत बसणारा ठेवा १४ दिवसांच्या आत कळवणे बंधनकारक झाले. संग्रहालयाने तो घेतला तर मूल्य ठरवून बक्षीस दिले जाते आणि ते सामान्यतः शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटले जाते. इतर लहानसहान वस्तूंसाठी १९९७ पासून स्वेच्छेने नोंदणी करण्याची योजना सुरू झाली. शोधणारा वस्तू व जागा दाखवतो, अधिकारी नोंद करतो आणि वस्तू परत देतो. आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तू अशा नोंदल्या गेल्या आहेत. या पद्धतीवर टीका होते. छंदालाच उत्तेजन मिळते असे काही अभ्यासक म्हणतात. परंतु वस्तूपेक्षा नोंद महत्त्वाची, हे तत्त्व तिथल्या सामान्य माणसापर्यंत पोचले, एवढे मान्य करावे लागते.

आता आपल्याकडे वळू. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी १३,२५० हून अधिक होती आणि सर्व क्षहरात राजा नहपानाची होती. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला, याला याहून बोलका पुरावा कोणता? पण हा पुरावा नाण्यांच्या एकत्र असण्यात आहे. तोच साठा शंभर सोनारांच्या मुशीत वितळला असता, किंवा शंभर संग्राहकांच्या कपाटांत विखुरला असता, तर नाण्यांचे प्रमाण आपल्याला कळले नसते.

दायमाबादची कथा याच्या उलट आहे. प्रवरेकाठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना कांशाच्या चार अप्रतिम वस्तू मिळाल्या: बैलांचा रथ व रथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांचे वजन साठ किलोहून अधिक आहे. शेतकऱ्याचा यात काही दोष नाही. त्या वस्तू आज राष्ट्राच्या ठेव्यात आहेत. पण पुरातत्त्वज्ञांच्या डोळ्यांसमोर, ओळखीच्या थरातून त्या निघाल्या नाहीत. म्हणून त्या उत्तर हडप्पा काळातल्या की नंतरच्या, हा वाद विद्वानांत झाला. चार हजार वर्षे मातीने सांभाळलेले उत्तर एका दुपारी संदिग्ध झाले.

आणि आपले वडोदरे! इथले अकोटा म्हणजे प्राचीन अंकोट्टक. १९५१ साली तिथे मिळालेल्या ६८ जैन कांस्यमूर्तींचा अभ्यास डॉ. उमाकांत शाह यांनी १९५९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्या मूर्ती आपल्या संग्रहालयात आहेत. काही मूर्तींवर कोरीव लेख आहेत. याच अकोट्यात रोमन बनावटीच्या एका कांस्यपात्राची मूठही मिळाली आहे. ज्या भूमीत आपण घरे बांधतो, शेते नांगरतो, ती अशी भरलेली आहे. त्या भूमीविषयी आपली काही जबाबदारी नाही काय?

कायदा काय म्हणतो तेही ऐकावे, कारण आमच्या घरात तो कोणालाच ठाऊक नव्हता. गुप्त ठेव्यांविषयीचा १८७८ चा कायदा सांगतो की जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे काहीही सापडले तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे. न कळवणे हा गुन्हा आहे. चौकशीअंती मालक नसलेला ठेवा वाटायचा झाल्यास, वेगळा करार नसेल तर, शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश मिळतो. सरकारने ठेवा घ्यायचे ठरवले तर मूळ कायद्यात धातूच्या मूल्यावर एक पंचमांश अधिक देण्याची तरतूद आहे. १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित स्थळी परवान्यावाचून उत्खनन करता येत नाही. जमीनमालकाची संमती तिथे पुरेशी नाही. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू असते. तिचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. सारांश, ‘शेत माझे, म्हणून वस्तू माझी’ हा आपला समज कायद्याच्या कसोटीला उतरत नाही. आपल्याकडे हा छंद म्हणून रुजू नये, असेच माझे मत आहे. पांढरीच्या टेकाडावर किंवा त्याच्या कडेला तर यंत्र मुळीच फिरवू नये, आणि कोणी परवानगी मागितली तर देऊ नये.

पण यंत्रावाचूनही वस्तू सापडतात. विहीर खणताना, पाया घेताना, नांगराच्या फाळाला लागून त्या वर येतात. तेव्हा काय करावे? हात थांबवावा. वस्तू जागेवर असेल तर तिथेच राहू द्यावी. निघालीच असेल तर शेजारी मोजपट्टी किंवा निदान विळा ठेवून तिचे आणि खड्ड्याचे छायाचित्र घ्यावे. विहीर, बांध, झाड अशा दोन पक्क्या खुणांपासूनचे अंतर आणि खोली लिहून ठेवावी. सोबतचे खापर, कोळसा, वीट काही फेकू नये. वस्तू धुऊ नये, घासू नये. चिंच तर लावूच नये. मग जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या संग्रहालयाला लेखी कळवावे. या साऱ्याला विद्वत्ता लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि थोडा धीर पुरतो.

हा धीर आमच्यापाशी नव्हता. त्या निवृत्त अध्यापकांच्या प्रश्नानंतर मी पुतण्याला घेऊन शेतावर गेलो. अवकाळी पावसाने खड्डा बुजला होता. मडक्याचा गळा गड्याने बांधावर टाकला होता. तिथल्या शेकडो खापरांतून तो ओळखता आला नाही. नाणी आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी पत्रासह सुपूर्द केली. ते पत्र मीच लिहिले. चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना नेमका शब्द वापरा असे बजावणाऱ्या माझ्या हाताला त्या दिवशी ठिकाणापुढे लिहावे लागले: “शेताच्या उत्तर बाजूस, टिंब्यालगत, अंदाजे.” पुतण्या शेजारी उभा होता. त्याने यंत्र त्यानंतर बाहेर काढले नाही. मी त्याला बोललो नाही. चूक त्याची नव्हती. परवानगी मी दिली होती आणि परवानगीबरोबर जो प्रश्न द्यायचा तो दिला नव्हता.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांची गावाकडे शेती आहे, आणि आता ती मुला-नातवंडांच्या हाती जात आहे. ते कधी काही हाती घेऊन तुमच्याकडे येतील. तेव्हा ‘कितीचे असेल?’ असे विचारण्यापूर्वी ‘कुठे सापडले?’ असे विचारा. गुरुजींचा प्रश्न तुमच्या घरी पोचला, तर त्यांच्या स्मृतीस वाहिलेल्या या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.